मित्रांमधील गोल्फ स्पर्धेत कमी-जास्त हँडिकॅपच्या खेळाडूंसाठी कोणती गुणपद्धत न्याय्य ठरते?

हँडिकॅपमध्ये, म्हणजे खेळाडूच्या कौशल्यानुसार त्याला मिळणाऱ्या फटक्यांच्या सवलतीत, मोठे अंतर असलेले खेळाडू एकत्र खेळत असतील, तर वैयक्तिक स्टेबलफोर्ड ही प्रत्येक होलला गुण देणारी पद्धत नेट स्ट्रोक प्लेपेक्षा, म्हणजे एकूण फटक्यांतून हँडिकॅप वजा करून निकाल लावण्यापेक्षा, अधिक न्याय्य ठरते. तिच्यात हँडिकॅपची सवलत वजा केल्यावर बोगीला (ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक जास्त) १, पारला (ठरलेले फटके) २ आणि बर्डीला (एक कमी) ३ गुण मिळतात आणि बोगीपेक्षा वाईट खेळाला शून्य. त्यामुळे एखाद्या होलवर १० फटके गेले तरी नुकसान तेवढ्या होलपुरतेच राहते, आणि असे होल जास्त हँडिकॅपवाल्यांच्याच वाट्याला अधिक येतात. पण याच चढउतारामुळे त्यांच्यापैकी कोणाचा तरी दिवस विलक्षण चांगला जातो आणि मोठ्या स्पर्धेत बक्षीस तिकडे झुकते. म्हणूनच २०२० पासूनच्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत स्टेबलफोर्डसाठी हँडिकॅपचा ९५ टक्के भाग धरण्याची शिफारस आहे, तर ३० हून कमी खेळाडू असल्यास १०० टक्के. जोडीने खेळताना, म्हणजे फोर-बॉलमध्ये, दोघांपैकी चांगलाच गुण मोजला जात असल्याने ही सवलत स्टेबलफोर्डसाठी ८५ टक्क्यांवर येते. मित्रमंडळी नेमकी हीच कपात विसरतात आणि मग निकालावर कुरकुर करतात. अर्थात हँडिकॅप हा शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वोत्तम ८ फेऱ्यांवरून काढला जातो, त्यामुळे ज्याने मोजक्याच किंवा सोयीच्या फेऱ्या नोंदवल्या आहेत, त्याच्या बाबतीत कोणतीही गुणपद्धत न्याय करू शकत नाही.