बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग गाडीच्या काचेवरून कसे काढायचे?

बोअरच्या पाण्याने गाडी धुवून काचांवर पांढरे ठिपके बसलेत आणि शाम्पूने जात नाहीत असं विचारलंय ना, तर शाम्पूने ते जाणारच नाहीत, कारण ती धूळ नाही, पाणी वाळल्यावर मागे उरलेला कॅल्शियम-मॅग्नेशियमचा क्षार आहे, त्याला आंबटच लागतं. किराणा दुकानातला पांढरा व्हिनेगर आणि तेवढंच पाणी स्प्रे बाटलीत भरा, गाडी सावलीत लावून काच थंड झाली की मारा, 2-3 मिनिटं ठेवा, मायक्रोफायबरने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. व्हिनेगरचं पाणी पेंटवर सुकू देऊ नका. धुतल्यावर पाणी लगेच टिपून घ्यायचं, नाहीतर परत तेच. तरीही डाग राहिले तर क्षाराने काच खाल्लीय, मग सेरियम ऑक्साइडची, म्हणजे काच घासून गुळगुळीत करणाऱ्या पावडरची, पॉलिश लागते.

आणि प्लीज, सकाळी कोरड्या फडक्याने धूळ पुसू नका, मला ते खरंच बघवत नाही, धुळीतल्या बारीक वाळूने काचेवर ओरखडे पडतात आणि रात्री समोरून हेडलाइट आला की तेच चमकतात. पावसाळ्याआधी स्वच्छ काचेवर रेन रिपेलंट (पाणी काचेवर न थांबता ओघळून जावं म्हणून लावायचं द्रव) लावा, आणि वायपरचं रबर ओल्या कपड्याने पुसून घ्या.