नातीला जुलाब थांबवायची गोळी द्यावी का?

प्रश्न : पावसाने विहीर गढूळ झालीय. सहा वर्षांच्या नातीला कालपासून जुलाब होतायत. मेडिकलमधून जुलाब थांबवायची लोपेरामाइड गोळी आणू का?
– एक आजी, देवगड

उत्तर : आजी, ती गोळी नातीला अजिबात देऊ नका. ती आतड्यांची हालचाल मंदावते, पण अंगातलं गेलेलं पाणी नि क्षार भरून काढत नाही, आणि खरा धोका तिथेच आहे. त्याच दुकानातून ओआरएस, म्हणजे पाण्यात विरघळवायची क्षार-साखरेची पूड, आणा. मोठा पुडा असेल तर अख्खा १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवा. चमच्याचमच्याने पाजत राहा, २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. खोक्यातली गोड पेयं नकोत, हे मी दवाखान्यात रोज सांगतो. उकड्या तांदळाची पेज चालू ठेवा. झिंकची (जस्ताची) गोळी डॉक्टरांना विचारून १४ दिवस द्या. शौचात रक्त दिसलं, पोर मलूल झाली किंवा लघवी कमी झाली, तर रात्रीसुद्धा थांबू नका, सरकारी दवाखाना गाठा.