टीकिंटरमध्ये सिरीयल पोर्टवरील वजनकाटा वाचताना विंडो हँग का होते?

सिरीयल पोर्टला जोडलेल्या वजनकाट्याचे आकडे टीकिंटरमध्ये (पायथनमध्ये विंडो बनवण्याची लायब्ररी) दाखवताना विंडो हँग होते, असे आपण विचारले आहे. टीकिंटरचा मेनलूप (घटनांची वाट पाहत सतत चालणारे चक्र) माउस, कीबोर्ड आणि विंडो पुन्हा रंगवणे ही सारी कामे एकाच थ्रेडवर (प्रोग्राममधील कामाच्या एका धाग्यावर) करतो. त्याच थ्रेडवर टाइमआउट (वाट पाहण्याची कमाल वेळ) न देता रीडलाइन (पोर्टवरून एक ओळ वाचणारे फंक्शन) वापरले, तर काट्याकडून ओळ पूर्ण येईपर्यंत बटणावरचे क्लिकही रांगेत पडून राहते.

म्हणून वाचनासाठी वेगळा थ्रेड ठेवावा, पोर्टला १ सेकंदाचा टाइमआउट द्यावा आणि आलेली ओळ थेट लेबलवर (विंडोतील मजकूर दाखवणाऱ्या जागेवर) न लिहिता क्यूमध्ये (दोन थ्रेडमधील रांगेत) टाकावी. (टाइमआउटमुळे कधी अर्धवट ओळ हाती येते, ती पुढच्या तुकड्याला जोडून घ्यावी.) मुख्य थ्रेडवरील एका छोट्या फंक्शनने क्यू रिकामी करावी, लेबल बदलावे आणि आफ्टरच्या (ठरावीक वेळाने फंक्शन चालवणाऱ्या टीकिंटरच्या सोयीच्या) साहाय्याने ५० मिलिसेकंदांनी स्वतःला पुन्हा बोलवावे. येथे एक चूक वारंवार होते: आफ्टरला फंक्शनचे केवळ नाव द्यायचे असते, नावापुढे कंस लावले, तर ते तिथल्या तिथे चालते आणि स्वतःलाच बोलावत राहून शेवटी रिकर्शनच्या मर्यादेवर आदळते.

विंडो बंद होताना थ्रेड आधी थांबवावा, मग पोर्ट बंद करावा. तसे न केल्यास, थ्रेड डीमन (मुख्य प्रोग्रामबरोबर आपोआप संपणारा) नसेल तर, प्रोग्राम मागे चालूच राहतो आणि पोर्ट अडकून बसतो.