फुल चार्जवर ३७० दाखवते आणि जाते २९०: बॅटरी बसली का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इलेक्ट्रिक गाडी एका चार्जवर ४५० किमी जाईल असं कंपनीने सांगितलं, फुल चार्ज केल्यावर स्क्रीनवर ३७० दिसतात आणि हायवेवर गाडी २९०च्या पुढे जात नाही. गाडी वर्षभराची आहे, वापरता येणारी बॅटरी ५० युनिटची. मग बॅटरी बसली की कंपनीने फसवलं?

तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून मला दोन्ही वाटत नाही. आधी एक साधा भागाकार करून बघा. ५० युनिट म्हणजे ५०,००० वॅट-तास. त्याला ४५० ने भागलं तर दर किलोमीटरला १११ वॅट-तास येतात, ३७० ने भागलं तर १३५ आणि २९० ने भागलं तर १७२. बॅटरी तिन्ही वेळा तीच आहे. १११ला गाडी प्रयोगशाळेत चालली, १३५ला तुमच्या रोजच्या ऑफिसच्या रस्त्यावर चालते आणि १७२ला हायवेवर. या तिन्ही आकड्यांत मला विचित्र असं काहीच दिसत नाही.

इलेक्ट्रिक गाडी घेतल्यावर आपण सगळे एक सवय सोडून देतो, त्याचं मला फार वाईट वाटतं. पेट्रोलची गाडी असताना ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ हा पहिला प्रश्न असायचा. टाकी भरल्यावर किती किलोमीटर जाईल, हे कुणी विचारत नव्हतं. आता उलटं झालंय, सगळे फक्त रेंज विचारतात. पण रेंज हे उत्तर आहे, मोजायची गोष्ट अजूनही अ‍ॅव्हरेजच. एका युनिटमागे किती किलोमीटर, किंवा एका किलोमीटरमागे किती वॅट-तास, कुठलंही घ्या. मी वॅट-तास वापरते, कारण त्यांची बेरीज-सरासरी सरळ होते. युनिटमागच्या किलोमीटरची होत नाही: निम्मं अंतर ४ ने आणि निम्मं ८ ने गेलात तर सरासरी ६ येत नाही, ५.३ येते.

स्क्रीनवरचा ३७० कुठून येतो ते सांगते. गाडीला बॅटरीत किती ऊर्जा उरली याचा बऱ्यापैकी अंदाज असतो. तुम्ही पुढे कुठे आणि कसे जाणार आहात हे मात्र तिला माहीत नसतं. म्हणून ती मागे बघते. गेल्या काही किलोमीटरमध्ये जो खर्च झाला त्याची सरासरी काढते आणि उरलेल्या ऊर्जेला तिने भागते. किती मागचं बघायचं हे कंपनीगणिक वेगळं असतं. कुठली गाडी जरा जास्तच चंचल असते, कुठली दोन-दोन दिवस जुन्या आकड्याला चिकटून बसते. नकाशात ठिकाण टाकलं की काही गाड्या चढ आणि वेगमर्यादाही हिशेबात घेतात, आणि तो अंदाज खूपच चांगला असतो. पण नुसता डॅशबोर्डवरचा आकडा म्हणजे ‘आठवडाभर जसे चालवलंत तसेच चालवत राहिलात तर’ एवढंच. तुम्ही आठवडाभर शहरात फिरलात आणि रविवारी सकाळी हायवेला लागलात. गाडीला ते कसं कळावं?

मला हे पहिल्या वर्षी एका घाटात कळलं. माझी बॅटरी ४० युनिटची. निघताना ५२ टक्के चार्ज होता, स्क्रीन १६५ किमी सांगत होती आणि जायचं होतं ९० किमी. मी निर्धास्त. सपाट रस्त्यावर शंभरच्या वेगाने ४० किमी गेले तर चार्ज ३५ टक्क्यांवर आणि रेंज ८७वर. म्हणजे ४० किमी चालून स्क्रीनवरचे ७८ किमी गेले होते. मग १२ किलोमीटरची चढण आली. स्क्रीनवरचा आकडा दर वळणाला ढासळत होता. वर पोचले तेव्हा चार्ज २३ टक्के, रेंज ४० आणि उरलेलं अंतर ३८. एसी बंद केला, खिडक्या उघडल्या, मागे बसलेली आई गप्प झाली. वर गाडी कडेला लावून मी पाच मिनिटं नुसती त्या आकड्याकडे बघत होते.

पुढे उतार होता. दहा किलोमीटरचा उतार संपला तेव्हा चार्ज २६ टक्के झाला होता आणि घरी पोचले तेव्हाही १७ टक्के शिल्लक होते.

नंतर कागदावर मांडलं तेव्हा सगळं जुळलं. माणसांसकट १,७०० किलोची गाडी ६०० मीटर उंच चढवायला पावणेतीन युनिट लागतात, मोटरमधली गळती धरून सव्वातीनच्या आसपास. माझ्या बॅटरीचे हे आठ टक्के. उतारावर मोटर उलटी जनरेटरसारखी फिरते आणि त्यातला काही भाग परत मिळतो. सगळा कधीच मिळत नाही, कारण उतरतानाही हवा आणि टायर आपला वाटा घेतातच. म्हणजे घाटात माझी ऊर्जा वाया गेली नव्हती, बराचसा भाग उंचीच्या रूपात साठवलेला होता. स्क्रीन मात्र पुढचे ३८ किमीही चढणीसकट मागच्या रस्त्यासारखेच असतील असं धरून चालली होती.

तुमच्या २९०चं मुख्य कारण मात्र वेग आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. एका मध्यम आकाराच्या गाडीचा ढोबळ हिशेब मी मांडून पाहिला. ८०च्या वेगाला फक्त हवा कापायला किलोमीटरमागे साधारण ५८ वॅट-तास लागतात, ११०ला १०९. टायरच्या घर्षणाचे ४५च्या आसपास दोन्हीकडे सारखेच. मोटर-गिअरमधली गळती आणि गाडीतली बाकी उपकरणं धरली तर ८०ला १२५च्या आसपास आणि ११०ला १८५. तुमचा १७२ यांच्या मध्येच पडतो. म्हणजे हायवेवर तुम्ही बहुधा शंभर-एकशेपाचने चालवत असणार, ते तुम्ही लिहिलं नसलं तरी.

समोरून वारा असेल तर तोही यात मिळवा. १०० ने चालताना २०चा वारा अंगावर येत असेल तर हवेच्या दृष्टीने तुम्ही १२०ने चालला आहात, आणि विरोध ४४ टक्क्यांनी जास्त.

‘पेट्रोलच्या गाडीत वेगाचा एवढा फरक कधी जाणवला नाही’ असं तुम्ही लिहिलंय. बरोबर आहे, आणि त्यामागचं कारण मला फार आवडतं. पेट्रोल इंजिन बहुतेक ऊर्जा उष्णतेत घालवतं आणि शहरात हळू चालताना तर अधिकच. त्यामुळे हायवेवर हवेचा खर्च वाढला तरी इंजिन तिथे जरा बऱ्या अवस्थेत चालत असल्याने तो झाकला जातो. इलेक्ट्रिक मोटरमध्ये झाकायला काही नसतं. हवेने जेवढं मागितलं तेवढं थेट बॅटरीतून जातं. म्हणून पेट्रोलची गाडी हायवेवर जास्त अ‍ॅव्हरेज देते आणि इलेक्ट्रिक शहरात. शिवाय ऊर्जेच्या हिशेबाने तुमची ५० युनिटची अख्खी बॅटरी म्हणजे साधारण साडेपाच लिटर पेट्रोल. साडेपाच लिटरमध्ये गाडी २९० किमी जाते, याकडे मी तक्रार म्हणून बघूच शकत नाही.

आता ४५०. तुमच्या माहितीपत्रकात डब्ल्यूएलटीपी लिहिलंय, म्हणजे रेंज मोजायची एक ठरलेली चाचणी. ही चाचणी २३ अंश तापमानाला, रोलरवर, एसी बंद ठेवून होते. एक फेरी ३० मिनिटांची आणि २३.२५ किमीची, म्हणजे सरासरी वेग ताशी ४६.५ किमी. वेग १३१पर्यंत जातो, पण अगदी थोडा वेळ. युरोपात २०१७ पासून ही पद्धत आली. त्याआधीची एनईडीसी याहून सोपी होती, तिचे आकडे आणखी फुगलेले असत. अमेरिकेतली ईपीए ही सरकारी पर्यावरण संस्था प्रयोगशाळेतल्या निकालाला बहुतेक वेळा ०.७ ने गुणते, म्हणून एकाच गाडीचा तिथला आकडा कमी दिसतो. या चाचण्या दोन गाड्यांची तुलना करायला उत्तम आहेत, तेही दोघींची चाचणी एकच असेल तर. तुमची रविवारची सहल किती लांब जाईल हे सांगायला त्या बनवलेल्याच नाहीत.

एसीबद्दल लोक फार घाबरतात. एसी तासाच्या हिशेबाने खातो, किलोमीटरच्या नाही. समजा तो दीड किलोवॅट घेतोय. १०० ने चालताना किलोमीटरला १५ वॅट-तास, २०च्या वेगाने ट्रॅफिकमध्ये रांगताना ७५. त्यामुळे हायवेवर एसी बंद करून घामाघूम होण्यापेक्षा वेग दहाने कमी करा, फायदा त्यातच जास्त आहे. कडाक्याच्या थंडीत हीटर याहून महागात पडतो, विशेषतः उष्णता-पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढणारी यंत्रणा) नसलेल्या गाडीत. टायरमधली हवा महिन्याला तपासा. छतावरचा कॅरियर लागत नसेल तेव्हा काढून ठेवा.

लांबच्या प्रवासात मी स्क्रीनवर किलोमीटरऐवजी टक्के ठेवते. तुमच्या हायवेच्या वेगाला एक टक्का म्हणजे २.९ किमी. प्रवासात कुणी १०० ते ० वापरत नाही. ८० ते १० वापरलात तर एका चार्जिंगपासून पुढच्या चार्जिंगपर्यंत २०० किमी धरा. आखणी या २०० वर करा, ३७० वर नाही. चार्जरवरचा मीटर गाडीच्या आकड्यापेक्षा दहा-एक टक्के जास्त दाखवेल. चार्ज होताना तेवढी गळती होते, त्याचा रेंजशी संबंध नाही.

बॅटरीची शंका तरीही राहत असेल तर स्वतः मोजा. ९० टक्क्यांवर ट्रिप मीटर शून्य करा आणि शक्यतो एकाच दिवसात २० टक्क्यांपर्यंत चालवा. मध्ये गाडी उभी करून एसी चालू ठेवू नका. ट्रिपमध्ये एकूण किती युनिट खर्च झाले ते बघा आणि ०.७ ने भागा. ३३.६ आले तर ४८ युनिट, म्हणजे वर्षभराच्या गाडीला अगदी ठीक. बॅटरी एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) प्रकारची असेल तर हे करायच्या आधी एकदा पूर्ण १०० टक्के चार्ज करून घ्या, कारण त्या प्रकारात मधल्या टप्प्यात व्होल्टेज जवळजवळ बदलत नाही आणि टक्क्यांचा अंदाज हळूहळू चुकत जातो. बऱ्याच कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किमीपर्यंत ७० टक्के क्षमतेची हमी देतात. तुमच्या बॅटरीच्या बाबतीत ती रेघ ३५ युनिटला येते. उत्तर पंचेचाळीसच्या वर आलं तर निर्धास्त चालवा. चाळीसच्या खाली आलं तर पुन्हा एकदा मोजा, आणि तेच आलं तर दोन्ही वेळचे आकडे कागदावर लिहून सर्व्हिस सेंटरला घेऊन जा. आकडे इथेही टाका, मी बघेन.