वाचकांचे प्रश्न : सण आपला, शिवार इथले

प्रश्न : आम्ही मूळचे लातूर जिल्ह्यातले. यजमानांच्या बदलीमुळे गेल्या वर्षी मे महिन्यात बेळगावला आलो आणि टिळकवाडीत भाड्याच्या घरात राहतो. घर चांगले आहे, शेजारही चांगला आहे. वरच्या मजल्यावरच्या अक्का कानडी बोलतात, पण मराठी त्यांना समजते. तरीही वर्षभर आपण इथे पाहुणेच आहोत असे वाटत राहिले. पावसाळा संपता संपत नव्हता, आठ वर्षांची मुलगी घरात कोंडली गेली, आणि सणावारी तर जीव अधिकच कासावीस होत असे. वेळ अमावास्येला गावाकडे सगळे शेतात जेवत असताना आम्ही इथे स्वयंपाकघरात आंबील करून प्यायलो. सण सगळे केले, पण ते सण वाटले नाहीत. या गावाशी नाते जुळावे म्हणून काय करावे? — एक वाचक भगिनी, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : आपण सण मनापासून करता, परंतु त्यांच्यामागचे शिवार अजून लातूरचेच आहे, आपल्या अस्वस्थतेचे मूळ तिथे असावे असे मला वाटते. आपला जवळजवळ प्रत्येक सण कोणत्या ना कोणत्या पिकाच्या, पावसाच्या किंवा फुलोऱ्याच्या वेळेला बांधलेला असतो. ते पीक आणि तो फुलोरा डोळ्यांसमोर नसला, की हाती उरते ती फक्त तिथी आणि स्वयंपाक. म्हणून माझी पहिली विनंती अशी, की सणांची यादी थोडी बाजूला ठेवून आधी इथला पाऊस समजून घ्यावा.

बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पाठीशी वसलेले आहे आणि इथे वर्षाला सुमारे 1300 मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेला खानापूर तालुक्यात जांबोटीकडे जावे तसतसा तो वाढत जातो, आणि मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीला तो याच्या दुपटीहूनही पुष्कळ अधिक असतो. उलट पूर्वेला अथणीकडे तो निम्म्यावर येतो. एका टोकाला भाताची खाचरे, तांबडी माती, फणस आणि करवंदे, तर दुसऱ्या टोकाला ज्वारी-हरभऱ्याचे काळे रान, असा हा एकच जिल्हा आहे. इथल्या मराठी आणि कानडी घरांचे सण भाषेपेक्षा या पावसाच्या उतारावर अधिक बदलतात, हे एकदा लक्षात आले म्हणजे वरच्या मजल्यावरच्या अक्का आणि आपण किती जवळ आहोत हेही आपोआप लक्षात येईल.

वेळ अमावास्येचेच पाहा. ती काळ्या रानाची, रब्बीची पूजा आहे. टिळकवाडीच्या आसपास ते रान नाही म्हणून आपल्याला ती ओकीबोकी वाटली. परंतु त्याच अमावास्येला बैलहोंगल आणि सौंदत्तीकडची शेतकरी घरे एळ्ळ अमावास्या करतात. सारे घर बैलगाडीतून, हल्ली बहुधा ट्रॅक्टरमधून, शेतावर जाते. शमीच्या झाडाखाली किंवा बांधावर पाच दगड मांडून त्यांची पांडव म्हणून पूजा होते. भाकऱ्या, शेंगांच्या पोळ्या, कडबू आणि भाज्या यांचा नैवेद्य दाखवला, की त्यातला थोडा थोडा भाग उभ्या पिकात शिंपडतात. त्याला तिकडे चरगा म्हणतात. त्यानंतर शेतातच पंगत बसते आणि वाटेने जाणाऱ्यालाही हाक मारून बसवून घेतात. पूजेसाठी उभारलेली कडब्याची कोप, म्हणजे खोपी, आणि मिसळीच्या भाज्यांची आपली भज्जी तिथे कदाचित दिसणार नाही, पण पाच पांडव आणि ती पंगत पाहून आपल्याला परके वाटेल असे मला मुळीच वाटत नाही. अक्कांचे माहेर किंवा कोणी नातलग त्या भागात आहेत का, एवढे विचारून पाहा. विचारलेले त्यांना आवडेल. आणि निमंत्रण आलेच तर रिकाम्या हाताने न जाता घरची आंबील सोबत न्यावी.

तोवर वाट पाहण्याचे कारण नाही, कारण त्याआधी श्रावणातली पंचमी येते. या भागात तिचा थाट दिवाळीच्या तोडीचा असतो. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, ज्वारीच्या लाह्या फुटतात आणि शेंगदाण्याचे, तिळाचे, डाळ्याचे, रव्याचे असे नाना प्रकारचे लाडू घरोघर ताटे झाकून फिरतात. कोणाकडून ताट आले तर ते रिकामे परत करू नये, हे मी आपल्याला सांगायला नको. आपल्याकडचा एखादा पदार्थ त्यात घालून पाठवावा. पूजा मात्र मातीच्या नागाची करावी आणि वारुळात दूध ओतू नये. साप दूध पीत नाहीत, आणि ओतलेल्या दुधाने वारूळ तेवढे खराब होते.

आता मुलीबद्दल, कारण माझ्या मते आपल्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा भाग तोच आहे. इथले चार महिने मुलांना घरात ठेवून काढले तर ते संपत नाहीत. तिला एक जाड वही द्यावी आणि तिची पाने महिन्यांऐवजी पावसाच्या नक्षत्रांनी वाटून घ्यावीत. इथला शेतकरी आजही रोहिणी, मृग, आर्द्रा याच हिशेबाने बोलतो आणि नक्षत्राचे वाहन यंदा बेडूक की मेंढा हेही दिनदर्शिकेत पाहतो. रोहिणी 25 मेच्या सुमारास लागते, मृग 7-8 जूनला, आर्द्रा 21-22 जूनला, आणि पुढे जवळजवळ दर चौदा दिवसांनी नवे नक्षत्र येते. दर नक्षत्रात एक तरी गोष्ट तिने स्वतः पाहून लिहावी, एवढाच नियम ठेवावा.

रोहिणीत वळवाच्या सरीनंतर शेतकरी कोरड्या मातीत भात पेरून ठेवतो, ती धूळवाफ पेरणी शहराबाहेर येळ्ळूरच्या वाटेवरही पाहता येते. मृगात पाऊस पडून उघडीप झाली, की सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत तिला घेऊन जावे आणि ओल्या मातीवर खाली वाकून पाहायला सांगावे. नशिबाने मृगाचा किडा दिसेल. नखापेक्षा लहान, लालभडक आणि अंगभर मखमल असलेला. बोट लावले की तो पाय पोटाशी घेऊन गप्प पडून राहतो. पाय मोजायला सांगावे. ते आठ भरतील, म्हणजे आपण त्याला किडा म्हणत असलो तरी तो कोळ्याच्या गणगोतातला आहे, हे तिचे तिलाच कळेल. पुष्य-आश्लेषात राजहंसगडावर चढून खाली पाहिले तर येळ्ळूरची भातशेती एका रंगात पसरलेली दिसते. मघा-पूर्वात तेरडा फुलतो, म्हणजे गौरी जवळ आल्या. उत्तरा-हस्तात शेपटी वरखाली हलवणारा धोबी पक्षी उत्तरेकडून परत येतो आणि बाजारात रताळ्यांचे ढीग लागतात. नवरात्राच्या उपासाची रताळी या भागातून फार दूरवर जातात. पुढे कापणी झाल्यावर त्याच खाचरांत उरलेल्या ओलीवर मसूर आणि हरभरा उगवतो, तेव्हा पुन्हा एकदा त्याच जागी जाऊन यावे. एकच शेत वर्षातून तीन वेळा पाहिले, की ते ओळखीचे होते.

दिवाळीत इथल्या गल्लीगल्लीत मुले किल्ले बांधतात. आपल्या मुलीला त्यांच्यात माती कालवायला पाठवावे, आणि पाडव्याला शिंगे रंगवून, गोंडे बांधून सजवलेल्या म्हशी रस्त्याने निघतात त्या दाखवायला न्यावे. बाकी सण आपले आपण ओळखीचे होतील.

प्रश्न : आम्ही कागलकडचे, आता निपाणीत घर बांधले आहे. आमच्याकडे बैलांचा सण, बेंदूर, आषाढात होतो, इथे काही घरांत ज्येष्ठातच करतात. घरात बैल नाहीत, पण वडिलांपासून चालत आलेली पूजा आहे. कोणता दिवस पाळावा? — एक वाचक, निपाणी

उत्तर : ज्येष्ठ पौर्णिमेच्या सुमारास येणारा तो कर्नाटकी बेंदूर आणि आषाढातला तो महाराष्ट्रीय बेंदूर; दिनदर्शिकेतही दोन्ही असे वेगवेगळे छापलेले असतात. सीमेवरच्या गावांत दोन्ही नांदतात आणि त्यात कोणाचे काही बिघडत नाही. एकाच बेळगाव शहरात रंग कुठे धुळवडीला खेळतात, तर शहापूर-वडगावात रंगपंचमीला, आणि दोन्हीकडची मुले दोन्हीकडे जाऊन येतात.

माझे मत विचारता, म्हणून सांगतो. घरातली पूजा आणि नैवेद्य वडिलांच्या दिवशी करावा, कारण तो कुळाचा आचार आहे. परंतु गावातले बैल ज्या दिवशी धुऊन, रंगवून, झूल घालून बाहेर पडतात, त्या दिवशी आपणही बाहेर पडावे. आपल्या घरात बैल नसले तरी आपण जे धान्य खातो ते कोणाच्या तरी बैलांनी राबून पिकवलेले असते. त्या घरी जाऊन बैलांना पुरणपोळीचा घास द्यावा आणि शेतकऱ्याला नारळ द्यावा. याशिवाय ज्येष्ठ अमावास्येला, म्हणजे कर्नाटकी बेंदरानंतर पंधरा दिवसांनी, कानडी घरांत मातीचे बैल करून पूजतात. ही चाल मला फार आवडते, कारण ज्यांच्याकडे गोठा नाही त्यांनाही तिच्यात पूर्ण वाटा आहे. कुंभाराकडून तयार जोडी मिळते. पण त्या सुमारास पावसाने माती भिजलेली असते, तेव्हा नातवंडांना बसवून बैल घरीच करवून घ्यावेत. वशिंड आणि शिंगे जमली, की बाकी बैल कसाही झाला तरी चालतो.

प्रश्न : निवृत्तीनंतर खानापूरपासून थोड्या अंतरावर, रानाला लागून घर बांधले आहे. अंगणात कोणती झाडे लावावीत? पावसाळ्यात आजूबाजूला अळंबी उगवते, ती खावी का? अंगणात एक मोठे वारूळ आहे, ते काढून टाकावे असे कामगार म्हणतात. — एक ज्येष्ठ वाचक, खानापूर तालुका

उत्तर : आपण ज्या रानाला लागून आहात त्याच्या पुढच्या भागाला 2011 साली भीमगड अभयारण्य म्हणून संरक्षण मिळाले. तिथल्या बारापेडे गुहांत राहणारे रॉटनचे वटवाघूळ जगात फार थोड्या ठिकाणी आढळते. अशा शेजारात बाहेरची झाडे आणू नयेत. गुलमोहर, सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ यांच्याऐवजी जांभूळ, फणस, कोकम, बहावा आणि जागा असेल तर एक उंबर लावावा, आणि भिंतीऐवजी करवंदीचे कुंपण करावे. उंबर धरू लागला, की तांबट आणि हरियाल हे पक्षी येतील, आणि धनेशही येऊ शकेल. आवारात पोकळ खोडाचे एखादे जुने झाड असेल तर ते निरुपयोगी समजून तोडू नये. धनेशाची मादी अशाच ढोलीत शिरून ढोलीचे तोंड लिंपून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते, आणि पिले वाढीला लागेपर्यंत नर तिला त्या फटीतून फळे भरवतो. अशी ढोली तयार व्हायला झाडाला माणसाच्या आयुष्याहून अधिक काळ लागतो.

आपट्याचे एक झाड मात्र जरूर लावावे. दसऱ्याला बाजारात कित्येकदा कांचनाची पाने आपटा म्हणून येतात. कांचनाचे पान तळहाताएवढे आणि मऊ असते. आपट्याचे त्याहून बरेच लहान, लांबीपेक्षा रुंद आणि जाडसर असते. आपले स्वतःचे झाड असले म्हणजे रानातल्या आपट्यांच्या फांद्या ओरबाडायची वेळ येत नाही. झाड मोठे झाल्यावरही प्रत्येकाला एकच पान द्यावे.

मेअखेरीपासून पाऊस स्थिर होईपर्यंत बाहेरचे दिवे रात्री बंद ठेवावेत. काजव्यांचे नर आणि मादी परस्परांना प्रकाशाने शोधतात, आणि रात्रभर जळणारा एक मोठा दिवा त्यांचा तो हंगाम वाया घालवतो. पायाखाली पाहायला हातात विजेरी असावी, तीही जमिनीकडे धरलेली.

अळंबी स्वतः तोडून खाऊ नये. विषारी आणि खाण्याजोगी यांतला फरक वर्णनावरून कळत नाही, आणि चांदीचे नाणे काळे पडते का वगैरे परीक्षांवर तर मुळीच विसंबू नये. पावसाच्या पहिल्या महिन्यात खानापूरच्या रस्त्यांवर पानांच्या द्रोणांत अळंबी घेऊन ज्या बाया बसतात, त्यांच्या घराण्यात ही ओळख पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्यांच्याकडून घ्यावी, त्याच दिवशी शिजवावी आणि पहिल्यांदा थोडीच खावी. खावयाच्या अळंबीतली सर्वांत चवदार जात वारुळातूनच उगवते: वाळवी आत बुरशीची बाग राखते आणि पाऊस झाला, की त्या बागेतून ही छत्री वर येते. म्हणून वारूळ काढू नये. ते घराच्या भिंतीला लागून असेल आणि लाकूडकामाला वाळवी लागत असेल तरच जाणकाराला बोलवावे. अंगणात बाजूला असेल तर त्याच्याभोवती हातभर जागा मोकळी सोडावी. पंचमीला आसपासच्या बाया वारुळाच्या पूजेला येतील. त्यांच्यासाठी फाटक उघडे ठेवावे, आणि अळंबी कधी उगवते व कोणती घ्यावी, हे त्यांनाच विचारावे.