कराडला एम.एस्सी. नर्सिंग करतेय. सिम्युलेशनवर (खऱ्या रुग्णाऐवजी बनवलेल्या प्रसंगावर सराव) डिझर्टेशन करायचं आहे, सध्या कशावर संशोधन चाललंय आणि कोणता विषय घेऊ?

‘सिम्युलेशनचा ज्ञानावर परिणाम’ एवढाच विषय घेऊ नका. प्रीटेस्ट, डेमो आणि सातव्या दिवशी त्याच प्रश्नांची पोस्टटेस्ट घेतली की गुण वाढतातच, कारण प्रश्न ओळखीचे झालेले असतात. शिवाय याचं मोठं उत्तर २०१४ मध्येच मिळालंय. अमेरिकेतल्या १० नर्सिंग अभ्यासक्रमांत वॉर्डचे ५० टक्क्यांपर्यंत तास सिम्युलेशनने भरून काढले, तरी ज्ञानात आणि लायसन्स परीक्षेच्या निकालात लक्षणीय फरक पडला नाही. पण तिथे शिक्षकांना डिब्रीफिंगचं, म्हणजे प्रसंगानंतर काय घडलं आणि का यावर विद्यार्थ्यांना बोलतं करण्याचं, वेगळं प्रशिक्षण दिलं होतं. आपल्याकडे नेमकं तेच गाळलं जातं.

आता भर आहे तो डिब्रीफिंग कसं घ्यावं, शिकलेलं किती महिने टिकतं आणि व्हीआर (व्हर्च्युअल रिअॅलिटी) यांवर. व्हीआर सध्या सोडा. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव घ्या, त्याला महागडं मॅनिकिन (सरावाचा पुतळा) लागत नाही.

पाण्यात लाल खाण्याचा रंग घाला. मोजून ७०० मिली घ्या: ३०० पॅडमध्ये, २५० चादरीखालच्या कापडात, १५० किडनी ट्रेमध्ये. पॅड आणि कापडाचं कोरडं वजन आधी लिहून ठेवा. नजरेने सांगितलेला अंदाज बहुतेकदा कमी येतो. डिब्रीफिंगमध्ये तेच पॅड सगळ्यांसमोर काट्यावर ठेवा. वाढलेला १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिली. अंदाजातली चूक, मदतीला हाक मारायला लागलेले सेकंद, गर्भाशय चोळायला कधी सुरुवात केली, ही तुमची मोजमापं.

विद्यार्थिनींचे दोन गट करा आणि दोन्ही गटांना १० मिनिटांचा तोच प्रसंग द्या. एका गटाला नंतर २० मिनिटं रीतसर डिब्रीफिंग, दुसऱ्याला नेहमीसारखं ‘हे चुकलं, ते चुकलं’. तीन महिन्यांनी आकडे बदलून पुन्हा तपासा.

घात होतो तो हॉस्टेलमध्ये. सकाळच्या गटाची गुण देण्याची चेकलिस्ट रात्री दुसऱ्या गटाकडे पोचलेली असते, म्हणून दोन्ही गट एकाच दिवशी उरका. गुण देणारे दोघं असावेत आणि कोणता गट कुठला हे त्यांना माहीत नसावं. डिब्रीफिंगमध्ये मॅडमच बोलत राहिल्या तर ते लेक्चर होतं. ‘रक्त दिसलं तेव्हा तुझ्या मनात पहिलं काय आलं?’ असं मराठीतच विचारा. इंग्रजीत विचारलं की मुली ‘येस मॅडम’वर थांबतात.

व्हिडिओ काढणार असाल तर त्याची संमती एथिक्स कमिटीच्या अर्जातच घाला, आणि तीन महिन्यांनंतरची तारीख सेमिस्टर परीक्षेत अडकत नाही ना, हे आधीच बघून ठेवा.