अँथुरियम, हेलिकोनिया, ऑर्किड अशी फुलं रात्री फ्रिजमध्ये ठेवूनही तिसऱ्या दिवशी काळी का पडतात?

फ्रिजमुळेच. घरच्या फ्रिजमध्ये ४-५ अंश तापमान असतं. गुलाबाला ते मानवतं, पण उष्ण प्रदेशातली ही फुलं साधारण १२-१३ अंशांच्या खाली गेली की आतून दुखावतात. ते लगेच दिसत नाही. बाहेर काढल्यावर दिवसभरात कडा निळसर-काळ्या पडायला लागतात आणि मग काही उपाय चालत नाही. तेव्हा फुलं बाहेरच ठेवा, फक्त ऊन, पंखा आणि एसीचा झोत टाळा.

दुसरं कारण पाण्याचं. हेलिकोनिया आणि लाल आलं (आल्याच्या कुळातलं, लाल कणसासारखं फूल) देठातून फार कमी पाणी ओढतात, म्हणून त्यांना वरूनही पाणी द्यावं लागतं. आणल्या आणल्या अख्खं फूल साध्या पाण्यात १५-२० मिनिटं बुडवा. हेलिकोनियाच्या होडीसारख्या खोबणींत जुनं पाणी आणि मुंग्या असतात. ते पाणी आधी उलटं करून ओता, नाहीतर दोन दिवसांत वास मारतो. पुढे रोज एकदा स्प्रेने फवारा.

अँथुरियमचंही तसंच, पण त्याचा देठ लवकर तुंबतो. धारदार सुरीने खालून २-३ सेंटीमीटर तिरका काप द्या. बोथट कातरीने नळ्या चेपतात आणि काप देऊन न दिल्यासारखंच होतं. दर दोन दिवसांनी पाणी बदला, फुलदाणी साबणाने घासा आणि देठ पुन्हा थोडा कापा. देठ हाताला बुळबुळीत लागला तर उशीर झाला असं समजा. १ लिटर पाण्यात पाव चमचा साधं ब्लीच पुरतं. नुसती साखर घालू नका, तिच्यावर जिवाणूच पोसतात. पाण्याखाली जाणारी पानं काढून टाका.

ऑर्किडची गोष्ट वेगळी. पिकलेल्या केळ्या-सफरचंदांतून इथिलीन वायू सुटतो, त्याने ऑर्किडच्या कळ्या पिवळ्या पडून गळतात. म्हणजे फळांची टोपली दुसऱ्या खोलीत.

बर्ड ऑफ पॅराडाइज असेल तर पहिलं फूल सुकल्यावर दांडा फेकू नका. चोचीसारख्या आवरणात आणखी फुलं दडलेली असतात. ती चोच कोमट पाण्यात २० मिनिटं भिजवा, वरची फट अंगठ्याने हलकेच उघडा आणि आतलं केशरी फूल बुडाशी धरून सावकाश वर ओढा. आतला चिकट द्रव धुऊन टाका. सुकलेलं फूल मात्र आधी कापा, उपटायला गेलात तर आतली फुलंही मोडतात.

एवढं केलंत तर अँथुरियम दोन आठवडे सहज टिकतं, हेलिकोनिया आणि लाल आलं आठवडाभर. हेलिकोनिया कळीत घेऊ नका, कापल्यावर ती आणखी उमलत नाही.